‘दम लागतो का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

सई आणि ईशान,

मागच्या वर्षी मी तुम्हाला किल्ला दाखवणं बंद केलं, ते ईशानच्या तरी नक्की लक्षात असेल. तुमच्याकडे सकाळ, शाळेची गडबड. इथे साताऱ्यात संध्याकाळ. मी गच्चीवर जायची, फोन अजिंक्यताऱ्याकडे वळवायची आणि ईशान दूध पिता पिता विचारायचा, "आजी, किल्ल्यावरच्या टॉवरचा लाल दिवा लागला का?" मग एकदा मी म्हणाले, आज धुकं आहे. पावसाळा होता, धुकं खरंच होतं. पुढे धुकं गेलं, पाऊस गेला, आणि तरी मी खालच्या व्हरांड्यातूनच बोलत राहिले. काही दिवसांनी ईशानने विचारणंही थांबवलं.

परवा सई म्हणाली, "आजी, तू हॉस्पिटलमध्ये होतीस हे आईने सांगितलं, पण तुला झालं काय होतं ते कुणी नीट सांगतच नाही." म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत वाचून बाजूला ठेवलं असतं. मराठीत अडखळत वाचाल, आईला शब्द विचाराल, म्हणजे तिलाही पुन्हा वाचावं लागेल. शिवाय माझ्या डॉक्टर स्नेहल यांनी याची एक प्रत मागितली आहे. माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाला तरी द्यायला.

घर लहान कसं झालं

तुम्हाला माहीत आहे, मी सैन्यात नर्सिंग ऑफिसर होते आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. तुमचे आबा शाळेत गणित शिकवत. ते मला अजूनही रागात असले की "मेजर" म्हणतात आणि फार रागात असले की "मेजरसाहेब".

मला रक्तदाबाचा त्रास बरीच वर्षं आहे. दर महिन्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायचं, गोळ्या घ्यायच्या. तिथले डॉक्टर विचारत, "जिना चढताना दम लागतो का?" मी म्हणायची, "नाही." ते कागदावर "ठीक" लिहायचे.

ते खोटं नव्हतं. मी जिना चढतच नव्हते.

हे कसं झालं ते मला सांगता येत नाही, कारण ते एका दिवसात झालं नाही. कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवर होती. आबांनी ती मागच्या अंगणात बांधली. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही काही विचारलं नाही. गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंड्या एकेक करून खाली आल्या. मंडईत जाताना चढाचा रस्ता होता, तो सोडून मी लांबच्या सपाट रस्त्याने जाऊ लागले आणि मनात म्हटलं, तेवढंच चालणं होतं. मग रिक्षाने जाऊ लागले. निजताना एक उशी घ्यायची त्या दोन झाल्या, मग तीन. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी व्यवस्थित बाई आहे. मी माझा आजारसुद्धा नीट घडी घालून ठेवला होता.

सांगलीची सभा

एक दिवस दवाखान्यातून फोन आला. मधुमेह, हृदय, दमा असे जन्माची सोबत करणारे आजार असलेल्या माजी सैनिकांची काळजी अधिक चांगली कशी घेता येईल, यावर काही डॉक्टर मंडळी अभ्यास करत होती. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना त्यांनी सांगलीला बोलावलं होतं. "बाई एकपण नाही मॅडम, तुम्ही याच," असं फोनवरचा क्लार्क म्हणाला. आबांनी गाडी काढली.

हॉलमध्ये सगळे पुरुष, बहुतेक शेतकरी झालेले जवान आणि हवालदार. माझ्या शेजारी कवठे महांकाळकडचे हवालदार बिरू शेंडगे बसले होते. उंच, वाळलेले, पांढरी टोपी. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे मात्र पलटणीत गेले आणि परत येऊन थोडी शेती करू लागले. त्यांना मधुमेह होता आणि छातीचं दुखणंही. मी मेजर होते हे कळल्यावर त्यांनी आपली खुर्ची चार बोटं मागे सरकवली.

डॉक्टर स्नेहल पुढे उभ्या होत्या. शिराळ्याच्या, वय तुमच्या आईएवढं. हातात छापील प्रश्न. मी इंग्रजीत शिकलेली असल्यामुळे प्रत्येक मराठी प्रश्नाच्या मागे उभा असलेला इंग्रजी प्रश्न मला दिसत होता. इतरांना तो दिसत नव्हता, आणि समोरचा मराठी प्रश्न काही कळत नव्हता. त्यामुळे सगळे एकच उत्तर देत होते: ठीक.

या "ठीक"विषयी तुम्हाला सांगायला हवं. सैन्यात दर वर्षी तब्येतीची तपासणी होते. पूर्ण तंदुरुस्त असेल त्याला "शेप वन" म्हणतात. काही निघालं की "कॅटेगरी" लागते, आणि कॅटेगरी लागली की बढती अडते, मनासारखी पोस्टिंग जाते. त्यामुळे जवान दुखणं सांगत नाही. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असताना "एकदम बढिया, मॅडम" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. पुढे पेन्शन सुरू होते, कॅटेगरी लावणारं कुणी उरत नाही, पण जिभेला लागलेली सवय पेन्शनीत निघत नाही.

तर स्नेहल डॉक्टरांनी वाचलं, "आपल्या दैनंदिन हालचालींवर मर्यादा आल्या आहेत काय?"

शेंडगे ताडकन उभे राहिले. चेहरा उतरला होता.

"मॅडम, पलटनीत हुतो तवा आन्‌ आता गावात हाय तवा, मर्यादा आमी कवा सोडली न्हाई. बायामानसांत, थोरामोठ्यांत. कुणालाबी इचारा."

दोघेतिघे हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मला त्या बाई आवडल्या त्या तिथे.

"बसा काका," त्या म्हणाल्या. "मर्यादा न्हाई सोडली. मग काय सोडलंत ते सांगा."

"तंबाखू," शेंडगे म्हणाले.

"खोटं हाय," मागून कुणीतरी बोललं. "खिसा बघा आदी त्याचा."

"गप रं."

"आवं डॉक्टरबाई, कॅन्टीनची रमची बाटली सोडा म्हनू नका फकस्त," तिसऱ्याने सांगितलं, आणि सगळा हॉल मोकळा झाला. मलाही राहवलं नाही. मी म्हणाले, "मी काशीला कारलं सोडलंय." काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायची आपल्याकडे रीत आहे. मी कारलं सोडलं, जे मला कधीच आवडत नव्हतं. आबा यावरून मला अजून चिडवतात.

शेंडगेंनी खुर्ची पुन्हा चार बोटं पुढे घेतली. "मॅडम, कारलं सोडून पुन्य लागतंय व्हय?"

हसणं थांबेपर्यंत डॉक्टर थांबल्या. मग म्हणाल्या, "हे झालं मनानं सोडलेलं. आता मला सांगा, न कळत काय सुटलं? आधी करत होता, आता करत नाही, आणि कुणी सोडा म्हणालं नव्हतं. असं काय सुटलं?"

बाहेर आबांनी गाडीचं दार लावलेलं ऐकू आलं.

"नातीला उचलून घ्यायचं," शेंडगे म्हणाले.

"कधीपासून?"

"झालं की लय दिस. ती हात वर करती. मी म्हनतो, मोठी झालीस गं आता." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दोन वर्साची हाय ती."

मग एकेक जण बोलू लागला. एकाने उभ्याने आंघोळ करणं सुटलं होतं, तो पाटावर बसून करत होता. एकाचं उसाच्या फडात जाणं सुटलं होतं. बांधावरूनच गड्यांना ओरडायचा आणि घरचे म्हणायचे, म्हातारा आळशी झाला. एकाचं अंथरुणावर झोपणं सुटलं होतं, तो खुर्चीत झोपत होता, आणि त्याच्या बायकोला वाटत होतं तो रुसलाय. या माणसांनी बर्फात पहारे दिले आहेत. तेवढ्याच शिस्तीने, एकही तक्रार न करता, ती आपापल्या घरात एकेक पाऊल मागे सरकत होती. मला त्यांचा राग येत नव्हता, अभिमानच वाटत होता, आणि त्याच अभिमानाने ती मरणार होती हेही कळत होतं.

"मॅडम, तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गच्ची," मी म्हणाले.

आणि मग माझ्या सवयीने क्रमवार सांगत गेले: दोरी, कुंड्या, मंडईचा चढ. "उशा किती घेता?" "तीन." हे उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्यातल्या नर्सने ते ऐकलं. हृदय थकलं की छातीत पाणी साचतं, माणसाला आडवं झोपवत नाही. हे मी शिकाऊ मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

डॉक्टर माझ्यासमोर खाली बसल्या आणि माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा सुजलेल्या पायावर खळगा राहिला. कणकेत राहतो तसा. तो भरून यायची आम्ही दोघी वाट पाहत होतो. शेंडगे आदबीने दुसरीकडे बघत होते.

मला त्याच दुपारी सांगलीतच दाखल केलं.

फेल

आजाराचं नाव हार्ट फेल्युअर. सई, तुला हे इंग्रजी नाव भीतिदायक वाटेल. त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. ते नीट पंप करत नाही, एवढाच आहे. पण शब्द वाईटच. आबा खाटेपाशी उभे राहून रिपोर्ट वाचत म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा फेल झालीस, मेजर." आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

पहिली भीती वाटली ती तपासणीच्या वेळी. पाठीवर सपाट झोपायचं होतं, थोडाच वेळ. मी रुग्णांना किती सहज सांगत असे, "काही होत नाही, जरा पडून राहा." आडवी झाले आणि पाण्यात बुडावं तसं झालं, कोरड्या खाटेवर, पंख्याखाली. मी तपासणाऱ्या मुलाचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याने यंत्र बाजूला ठेवलं. "आजी, उठून बसा. आपण थोडं थोडं करू," तो म्हणाला. त्या मुलाचं नाव मला माहीत नाही. त्याचे आभार इथे मानते.

वॉर्डाचा दिवस वजनाने सुरू व्हायचा. वजन उतरलं म्हणजे पाणी उतरलं. प्यायचं पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद. सिस्टर येऊन विचारायच्या, "आज्जी, लघवी किती झाली?" आणि मी, जिने आयुष्यभर हेच विचारलं, लाजायची. चादरीचा कोपरा नीट खोचलेला नसला की माझा हात जायचा. एक सिस्टर शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही ॲडमिट आहात की इन्स्पेक्शनला आलाय?" त्यानंतर मी कोपऱ्यांकडे बघायचं टाळलं. जमलं नाही, पण हात आवरला.

अळणी जेवण चार घास उतरत नव्हतं. शेंडगेंनाही छातीच्या दुखण्यासाठी सभेतूनच दुसऱ्या वॉर्डात दाखल केलं होतं. त्यांची मंडळी, पारूबाई, रोज डबा आणायच्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या खाटेपाशी आल्या. "भाकरीत मीठ नसतंयच की, आक्का. जवारीची हाय. वाईच लसनाचं वाटान हाय, त्यातबी घातलं न्हाई." इथली माणसं जन्मभर भाकरी खातात आणि तिच्यात मीठ नसतं हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. पोळीवाल्या घरातली मी. त्या दिवशी पोटभर जेवले.

घरातलं

तुमची आई रोज फोन करायची. एकदा म्हणाली, "घर विका, पुण्यात लिफ्टच्या इमारतीत जा, नाहीतर दोघं इकडे या." आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तिथे तुमच्या बर्फात ही काय करेल?" आई रडली, आबांनी फोन ठेवला, आणि मग ते माझ्यावर उखडले.

"मला का सांगितलं नाहीस?"

"मला कळलं नव्हतं, अहो."

"तू नर्स आहेस."

"तुम्ही दोरी खाली बांधलीत. का बांधलीत?"

ते म्हणाले, "मला वाटलं, तुझं वय झालं."

"मलाही तेच वाटलं," मी म्हणाले.

इतकंच भांडण. पण त्यातलं शेवटचं वाक्य मी तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी अधोरेखित करून ठेवते. वय झालं म्हणून सगळं सुटत नाही. काय सुटतंय ते कुणीतरी विचारायला हवं.

घराचं काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. स्नेहल डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता ठरवू नका. औषधांना थोडे महिने द्या. मग जिनाच सांगेल." तेव्हापासून आमच्या घरात त्या जिन्याला एकदम मान आला.

स्नेहल डॉक्टर

सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्हाला हा प्रश्न कसा सुचला.

"मर्यादा शब्दाने घोळ केला म्हणून," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट हातात घेतलं. "माझे वडील फौजेत नाईक होते. शेवटपर्यंत ‘फिट’ म्हणायचे. नागपंचमीच्या जत्रेला आमच्या गावात केवढी गर्दी असते. ते दर वर्षी आम्हाला घेऊन जायचे. एका वर्षी म्हणाले, तुम्ही जा, मी घर राखतो. आम्ही गेलो. मजेत गेलो." त्यांनी माझी नाडी धरलेली होती, ती तशीच धरून ठेवली. "त्यांचं काय सुटलं ते घरात सगळ्यांनी बघितलं होतं, मॅडम. कुणी मोजलं नव्हतं."

त्यांनी तो छापील कागद बदलला. नवे प्रश्न आधी शेंडगे आणि त्यांच्या वॉर्डातल्या मंडळींना वाचून दाखवायच्या. जो शब्द अडला तो काढायच्या. इंग्रजीशी अर्थ जुळतो का ते बघायला कागद माझ्याकडे यायचा. इतकी शिकलेली बाई, पण आपलं वाक्य कुणी खोडलं तर तिला आनंद व्हायचा. मी अनेक मोठे अधिकारी पाहिले. हा गुण फार थोड्यांत पाहिला.

या अभ्यासातून शेवटी काय निष्पन्न होईल ते अजून ठरायचं आहे. त्या स्वतःच सांगतात, एका चांगल्या प्रश्नाने औषधं स्वस्त होत नाहीत आणि गावात दवाखाना येत नाही. पण आता दर महिन्याला आम्हा सगळ्यांना फोन येतो, आणि "ठीक" म्हणून सुटका होत नाही. आबांनाही विचारतात, "यांचं या महिन्यात काय सुटलं?" आबा गणिताचे मास्तर. उत्तर द्यायला आदल्या दिवसापासून तयारी करतात.

जिना

घरी आल्यावर पहिले काही आठवडे मी जिन्याकडे फक्त बघत होते. गोळ्यांनी पायांची सूज गेली, उशा एकीवर आल्या. मग डॉक्टरांनी परवानगी दिली: सावकाश, थांबत, आणि छातीत काही वेगळं वाटलं तर खाली. आबांनी जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं.

मला स्टुलाची लाज वाटली. एके दिवशी शेंडगेंचा फोन आला.

"मॅडम, नातीला घेतली आज."

"उचललीत? डॉक्टरांना विचारलंत का?"

"उचलली न्हाई. मी खालीच बसलो भुईवर. म्हनलं, ये. आली की मांडीवर. गळ्यात हात टाकून बसली." मग विचारलं, "बसून घेतली तर चालतंय न्हवं?"

"चालतंय, हवालदारसाहेब," मी म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी मी वळणापर्यंत चढले, स्टुलावर बसले, आणि खालून आबा बघत राहिले. त्यानंतर रोज. एकदा गच्चीच्या दाराची कडी माझ्या हाताला लागली. गच्चीवर खूप पाला साठला होता. समोर किल्ला होता तिथेच होता.

ईशान, तो दिवस तुला आठवत असेल. तू दूध पीत होतास. मी फोन वळवला. तू विचारलंस, "आजी, तू धावत आलीस का? तुझा श्वास ऐकू येतोय." मी म्हणाले, "हो रे. बघ, लाल दिवा लागला का?"

त्या महिन्याचा स्नेहल डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळे प्रश्न विचारून झाल्यावर तो जुना प्रश्नही विचारला, दवाखान्यातला, ज्याला मी इतकी वर्षं "नाही" म्हणत आले होते.

"जिना चढताना दम लागतो का?"

"हो," मी म्हणाले. "लागतो."

"छान," त्या म्हणाल्या.